गावात राहत असल्याचा दाखला

मला संशय घ्यायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तर मी वांगी उलटून बघते. आई म्हणते, हा स्वभाव बापाकडून आला. माझं मत असं की तो भाड्याच्या खोल्या शोधण्यातून आला. त्यामुळे वेल्हे तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेवर मी हजर झाले, आणि पहिल्याच आठवड्यात सरपंचांनी ग्रामपंचायतीत बोलावून चहा पाजला, तेव्हा मला बरं वाटायच्या ऐवजी माझे कान टवकारले.

"बाई, दाखल्याची काळजी करू नका," ते म्हणाले. "तुमी हितंच ऱ्हाता असा दाखला म्या दितो."

मी दाखला मागितलाच नव्हता. मी राहायला खोली मागितली होती.

या दाखल्याचं जरा सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने शाळेच्या गावात राहायचं असतं. तसा राहतो असा गावाचा कागद जोडला की घरभाड्याचा भत्ता सुरू राहतो. आमची शाळा दोन शिक्षकांची. दुसरे सर कात्रजजवळ स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायचे, सकाळी मोटारसायकलवर यायचे आणि कागदावर मात्र गेली कित्येक वर्षं गावातल्या एका म्हाताऱ्याच्या पडवीत नांदत होते. तो म्हातारा वारला, पडवीही पडली, तरी सरांचा मुक्काम तिथेच होता. गावाला त्याचं काही नव्हतं. मास्तर वेळेवर येतात, पोरं शिकतात, मग कुठे झोपतात याच्याशी काय करायचंय, असा सगळा साधा हिशोब होता.

मला मात्र खरोखर राहायचं होतं. मी आणि आई भोरला एका माळ्यावर भाड्याने राहत होतो. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरणं बंद. मी सकाळी अंधारात निघायचे, एसटीने नसरापूर, तिथून जीपने वेल्ह्याच्या रस्त्याला, पुढे फाट्यावरून चालत. संध्याकाळी परत येईपर्यंत आई खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरची माणसं बघायची. पिंपरीचा भाऊ मागे लागला होता की आईला माझ्याकडे पाठव, दिवाळीच्या सुट्टीत मी न्यायलाच येतो. त्याचं चुकत नव्हतं. पण आई मागे एकदा त्याच्याकडे राहून आली होती आणि येताना अर्धी झाली होती. "तितं दार उघडायचं तर बी इचारावं लागतं," एवढंच ती बोलली, आणि मी जास्त विचारलं नाही. तेव्हा दिवाळीच्या आत शाळेच्या गावात, जमिनीवरची, जिना नसलेली खोली मिळाली तर आई माझ्याजवळ राहणार होती. नाहीतर नाही.

गावात खोल्या नव्हत्या असं नाही. एका घरी म्हणाले, पत्रा गळतो. मी म्हटलं, गळू दे, मी बादली ठेवीन. तर म्हणाले, नाही, तुम्हाला त्रास होईल. दुसरीकडे भात निघालं की पोती ठेवायला खोली लागणार होती. तिसरीकडच्या आजी फारच गोड होत्या. त्यांनी हात धरून आत बसवलं, केसांना तेल लावत जा म्हणाल्या, आणि मग विचारलं, "बाई, तुमचं गाव कंचं? पावनं कोन?" मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आजींनी हात सोडला नाही, पण हाताचा जोर गेला. मला तो कळतो. मग त्यांना आठवलं की मुंबईचा नातू येणार आहे.

आम्ही बौद्ध. आमच्या भागात आडनाव आणि गाव दोन्ही सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. शिवाय मला नवरा नाही. म्हणजे होता, रीतसर घटस्फोट झाला. गळ्यात काही नाही, मागे पुरुष नाही, आणि वर ही संशयी नजर. कुणी खोली नाकारली की मला प्रश्न असा पडतो की यातल्या नेमक्या कशाला नाकारली. तोंडावर कुणीच काही बोलत नाही. सगळे माझ्या काळजीपोटी नाकारतात.

आई म्हणायची, "आमच्या वक्ताला तोंडावर सांगायचे. निदान पाय तरी वाचायचे."

सरपंच काळजी करण्यात सगळ्यांच्या पुढे. शाळेच्या वाटेवर, अगदी रस्त्याला लागून, त्यांच्या दोन खोल्या होत्या. नव्या, फरशीच्या, बाहेर ओटा. गावाजवळच्या किल्ल्यावर चढायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या. वर पत्र्याचा बोर्ड: राहण्याची व जेवणाची सोय, खाली मोबाईल नंबर. शनिवारी दुपारपासून तिथे पुण्याच्या गाड्या लागायच्या. पोरं, पोरी, बूट, दोऱ्या, स्पीकर. त्यांची पावनं कोण हे कुणी विचारत नव्हतं. रविवारी संध्याकाळी सगळे गेले की पुढचा आठवडाभर दोन्ही दारांना कुलूप.

मी सरपंचांना सरळ विचारलं. ते हसले. हसताना त्यांचे डोळे हसत नव्हते, किंवा मला तसं वाटलं.

"खोली काय कुठं पळून चाललीय व्हय," ते म्हणाले. "पर तुमी कशाला तरास घेताय? हितं रेंज न्हाई. पावसात लाईट गेली की दोन-दोन दिस येत न्हाई. दवाखाना लांब. तुमी आपलं भोरास्नं येत जा. दाखला हाय ना."

त्या दिवशीही चहा झाला. सोबत आलेल्या सरांना कपबशीत, मला कागदी कपात; सरपंचांनी स्वतः घेतला नाही. आता कागदी कप वाईट असतो असं नाही. ग्रामपंचायतीत कपबशा दोनच असतील, तिसऱ्याला कागदी आला असेल. नव्या माणसाचा मान म्हणून कोरा कप काढला असेल. हे सगळं मी परतीच्या जीपमध्ये स्वतःला समजावत होते आणि त्याच वेळी आठवत होते की दुसऱ्या कपबशीतून चहा पीत होता ग्रामपंचायतीचा शिपाई. दुसऱ्या माणसाला असा प्रवास झोपेत काढता येतो. मला येत नाही, आणि याचा मला फार राग येतो. खोली नाकारायची ती नाकारायची, वर माझं डोकंही वापरायचं.

गंमत म्हणजे याच सरपंचांनी पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण केलं होतं. धरणात त्यांच्या घराण्याची जमीन गेली, बदल्यात लांबच्या गावी जमीन मिळाली, पण त्या गावाने यांना घरं बांधू दिली नाहीत. पाण्याला अडवलं, पोरांना चिडवलं, शेवटी त्यांचे वडील सगळं सोडून इकडे परत आले. "जागा आसून मानसाला जागा न्हाई, ह्ये दुःख म्या बघितलंय," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा मला खात्री वाटली होती की या माणसाकडे आपलं काम होणार. संशय घ्यायचा तिथे मी नेमका घेतला नाही.

शेवटी मी भोरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंकडे गेले. माझ्याहून लहान, बोलायला फटकळ. माझी अपेक्षा होती की त्या एक कलम काढतील, मी ते सरपंचांच्या समोर ठेवीन आणि सरपंच चावी काढून देतील. शाळेत आपण संविधानाची प्रस्तावना पोरांकडून रोज म्हणून घेतो, त्याचा हा परिणाम.

वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी कारण काय दिलं?"

"रेंज नाही."

"मग कारण आणा."

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण ती समजावून सांगत होती. सरकारने कुणाशी भेदभाव करायचा नाही, हे संविधानात आहे. दुकान, हॉटेल, पाणवठा अशा सगळ्यांसाठी असलेल्या ठिकाणी जातीधर्मावरून कुणी कुणाला अडवायचं नाही, हेही आहे. पण खासगी माणसाने आपली खोली कुणाला द्यावी, इथे आला की कायदा बराचसा दाराबाहेर उभा राहतो. एचआयव्ही असलेल्यांसाठी वेगळा कायदा आहे, तृतीयपंथीयांसाठी आहे. त्यात भाड्याच्या घराचं स्पष्ट लिहिलेलं आहे. बाई एकटी आहे, नवरा सोडलेली आहे, मटण खाते म्हणून मालक नाही म्हणाला, तर मात्र हाताला फारसं काही लागत नाही.

"आणि जात?" मी विचारलं.

"जात असेल तर लागतं." अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत राहायची जागा घ्यायला अडवणं हा गुन्हा आहे, त्याला नागरी हक्क संरक्षणाचा जुना कायदा आहे. त्यात एक चांगली सोय अशी की अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत तसं घडलं, तर ते त्याच कारणाने घडलं असं कोर्ट धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे समोरच्याने दाखवायचं. गावाने मिळून बहिष्कार टाकला तर त्याला आणखी कायदे आहेत. "पण आधी नाही म्हणालेत हे तरी दिसायला हवं," बाई म्हणाल्या. "ते तर तुम्हाला बघू म्हणतायत. बघू म्हणणं गुन्हा नाही."

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी मनात जे म्हटलं ते माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. मी म्हटलं, जातीमुळेच असू दे. घटस्फोटामुळे नको, तिथे मला कायदा नाही. जन्मभर जी गोष्ट खोटी निघावी असं वाटत आलं, तीच खरी निघावी म्हणून मी वाट बघत होते. माझी मलाच लाज वाटली, आणि तरी मी वाट बघत राहिले.

वकीलबाईंनीच एक वाट दाखवली होती. तो बोर्ड. रस्त्यावर बोर्ड लावून येईल त्याला खोली देणारा माणूस नुसता घरमालक राहत नाही, तो लॉजवाल्यासारखा झाला. त्याला जात बघून नाही म्हणता येत नाही. "बोर्डावरच्या नंबरवर फोन करा," त्या म्हणाल्या. "सरपंच म्हणून नका विचारू. गिऱ्हाईक म्हणून विचारा. आणि साक्षीला आईला शेजारी बसवा."

मी आईला शेजारी बसवलं, मोबाईल स्पीकरवर ठेवला आणि फोन लावला. फोन सरपंचांच्या बायकोने उचलला. मी तिला तोवर एकदाच लांबून पाहिलं होतं, ओट्यावर धान्य निवडताना.

"व्हय, हाय की खोली," ती म्हणाली. "किती जनं?"

"दोघी. मी आणि आई."

"या की मंग. जेवान घरचं हाय. भाकरी, पिठलं, रविवारी कोंबडी."

"आम्हाला महिनाभर हवी आहे. पुढेही लागेल."

"मंग तर लईच बरं. शनवार-आयतवार सोडला तर पडूनच अस्त्यात खोल्या. नाव काय लिवू?"

मी आडनाव सांगितलं. पलीकडे कुणीतरी भांडं घासत होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं. तो माझा भासही असेल.

"शाळंतल्या बाई व्हय?"

"हो."

"मालकास्नी इचारून सांगते," ती म्हणाली. फोन ठेवताना तिचा आवाज बदलला नव्हता, हे मला आठवतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद करायला उठली. थोड्या वेळाने सरपंचांचा फोन आला. पुण्याच्या एका ग्रुपने दोन्ही खोल्या दिवाळीनंतरपर्यंत घेऊन ठेवल्यात, मंडळीला माहीत नव्हतं, मनाला लावून घेऊ नका. आडनाव सांगेपर्यंत खोल्या रिकाम्या होत्या.

"हे चालेल," वकीलबाई म्हणाल्या. "तक्रार लिहू या."

इथे माझं घोडं अडलं. भीतीने नाही. सरपंचांची नात माझ्या दुसरीच्या वर्गात होती; जोडाक्षरं लिहिताना जीभ बाहेर काढायची. तिच्या आजोबांविरुद्ध पोलिसांत जायचं, आणि सकाळी तिला पाटीवर क्ष काढून द्यायचा. शिवाय आई. ती म्हणाली, "जिंकलीस तरी खोली मिळंल व्हय? आन मिळाली तर त्या घरात मला झोप लागंल का?" या प्रश्नाला कुठल्या कायद्यात कलम नाही. मी तक्रार लिहून ठेवली, सही केली नाही. ती उशाखाली ठेवून झोपले नाही एवढंच. पर्समध्ये घेऊन रोज शाळेत जात होते.

आठवडाभरात तो बोर्ड उतरला. एका सोमवारी जाताना बघते तर खिळे तेवढे शिल्लक. मी वकिलाकडे गेल्याचं भोरहून गावात पोचलं असणार. आपल्याकडे बातमीला एसटीची वाट बघावी लागत नाही. शनिवारी मात्र गाड्या आल्याच. बोर्ड नव्हता, स्पीकर होता. मी रस्त्यात उभी राहून फोटो काढला आणि स्वतःला पोलिसासारखी वाटले. नोकरीवरून घरी जाणाऱ्या एका बाईने दुसऱ्याच्या ओट्यावरच्या बुटांचे फोटो काढायचे, ही काय जगायची तऱ्हा झाली?

भाऊ फोनवर तारीख विचारत होता. आईने तिच्या चार साड्या वेगळ्या काढल्या होत्या.

आणि मग एक दिवस मधल्या सुट्टीत सर माझ्या वर्गात आले, अगदी लग्नाची पत्रिका द्यावी तसे हसत. "बाई, तुमचाही घेऊन आलो," म्हणाले आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. दाखला. मी सरांना साफ सांगितलं होतं की मला दाखला नको, मी राहत नाही तर राहते म्हणून सांगणार नाही. सरांना ते फार लागलं होतं. एकीचा दाखला नाही म्हटल्यावर वरून विचारणा होणार, विचारणा झाली की पडलेल्या पडवीतले सर उघडे पडणार. म्हणून त्यांनी परस्पर माझाही करून आणला होता. तालुक्याला आता नवं नाव मिळालंय, पण दाखल्यावरचा शिक्का जुनाच होता. तो काळजीपूर्वक, सरळ मारलेला होता.

मी वाचला. सदर शिक्षिका या गावात कायम वास्तव्यास आहेत. घर क्रमांक अमुक.

"हा कुणाचा नंबर?" मी विचारलं.

सर जरा घुटमळले. "काय झालं, यंदा घर क्रमांक लिहावा लागतो. सरपंचांनी दोघा-तिघांना विचारलं, तुमचा नंबर टाकू का म्हणून. त्यांनी नको म्हटलं. मग म्हणाले, जाऊ दे, माझ्या रस्त्याकडच्या खोल्यांचा टाकतो. त्या तशाही रिकाम्याच असतात."

मी तो कागद हातात धरून बसले. पोरं बाहेर लंगडी खेळत होती. कागदावर राहायला भाकरी लागत नाही, पाणी लागत नाही, कुणाच्या देवाला शिवावं लागत नाही. तरी त्या गावात कागदावरसुद्धा मला कुणी घरात घेत नव्हतं. माझ्या आयुष्यात मला इतका राग दोनदा आला असेल. पहिला घटस्फोटाच्या वेळी. सर विचारत होते, बाई, बरं नाही का?

वकीलबाईंनी दाखला वाचला, परत वाचला आणि हसायलाच लागल्या. मला आधी तेही आवडलं नाही.

"हा कोर्टात दाखवायला मला सांगू नका," त्या म्हणाल्या, "कारण तुम्ही तिथे राहत नाही. पण राहायला गेलात तर हा खरा होतो. आणि राहू देणार नाही म्हणायचं तर सरपंचांना चारचौघांत म्हणावं लागेल की मी खोटा दाखला दिला. ते म्हणतील?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कुलपाला हात लावायचा नाही. भाडं देणार म्हणून सांगायचं. दारात उभं राहायचं, बास."

मी भावाला येऊ नको म्हणून कळवलं. आईला सांगितलं. तिने वेगळ्या काढलेल्या साड्या परत गाठोड्यात बांधल्या. टेम्पोत सामान ते किती असणार: दोन गाद्या, भांडी, आईची कमोडची खुर्ची, पुस्तकांची पेटी, भिंतीवरचे दोन फोटो ओढणीत गुंडाळून आईच्या मांडीवर. नसरापूर सोडल्यावर टेम्पोवाल्याने विचारलं, कुणाच्या घरी उतरवायचं? मी घर क्रमांक सांगितला. तो म्हणाला, असं कुणी सांगतं का बाई, माणसाचं नाव सांगा.

रविवार उतरणीला लागला होता, किल्ल्यावरच्या गाड्या निघून गेल्या होत्या. टेम्पो ओट्याला लागला तसे आजूबाजूचे लोक जमले. सर नव्हते, रविवार होता. सरपंच आले ते जेवणावरून उठून, हात ओला.

"बाई, ह्ये काय?"

मी दाखला दाखवला. "सरपंच, तुम्ही लिहून दिलंय. मी इथे राहते. भाडं काय ते सांगा, पहिल्या तारखेला देत जाईन."

त्यांनी दाखला घेतला नाही, लांबूनच पाहिला. आपली सही माणसाला लांबून ओळखू येते. जमलेल्यांत मला पत्रा गळतो म्हणणारे होते, भाताची पोतीवाले होते. सरपंचांनी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. मला वाटलं होतं, या क्षणी मला फार बरं वाटेल. प्रत्यक्षात मी एवढंच बघत होते की आई अजून टेम्पोतच बसली आहे, ऊन तिच्या तोंडावर आहे.

"म्या तुमाला कदी न्हाई म्हनलो नव्हतो," सरपंच शेवटी म्हणाले, आणि घराकडे वळले. ते खरंच होतं. त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांची बायको आली. पदर खोचलेला, हातात चावी. लोक पांगू लागले होते. तिने कुलूप उघडलं, आईला उतरायला हात दिला. हात दिला, हे मी नीट पाहिलं. दंडाला धरून, घट्ट. आईला आतल्या पलंगावर बसवलं, खिडकी उघडली, नळ सोडून दाखवला. दिवस मावळला की पाणी जातं, आधीच भरून ठेवा. गिझरचं बटण उलटं आहे, वर केलं की बंद होतं. मी तिच्या प्रत्येक शब्दामागे काहीतरी शोधत होते. इतकी चांगली का वागतेय? सरपंचांनी काय सांगून पाठवलंय? काही सापडेना.

दारात जाऊन ती थांबली. माझ्याकडे न बघता आईशी बोलली.

"आई, खोटं न्हाई सांगत. ह्यांच्या मनात नव्हतं. माज्याबी नव्हतं. तुमच्या लेकीला नवरा न्हाई, त्याचं आमाला काय न्हाई, माजी भन बी तशीच हाय. तुमची जात आडवी आली. लोकं काय म्हनतील ह्ये बी नुसतं म्हनायचं. आमाला सोताला वाटलं."

आई म्हणाली, "मग आता?"

"आता ऱ्हावा. वाटतंय ते वाटतंय, पर ऱ्हावा."

इतक्या महिन्यांत त्या गावात माझ्याशी कुणी खरं बोललं ते हे पहिलं. मला रडू आलं. ते कृतज्ञतेचं नव्हतं, सुटल्याचं होतं, आणि त्यात राग भरपूर होता. तिने चावी माझ्यापुढे धरली आणि आवाज खाली आणला.

"बाई, म्या ह्ये बोलले त्ये कुनाला सांगू नका."

"सांगणार," मी म्हटलं, आणि चावी घेतली.